खतना : डॉक्टरांना शिकवलंच नाही, तर ओळखणार कोण?

वैद्यकीय गरज नसताना मुलीच्या बाह्य जननांगाचा भाग कापणं म्हणजे खतना, किंवा खफ्झ. हे आफ्रिकेत चालतं, असं समजून आपण मोकळे होतो. पण मुंबईसह आपल्या राज्यातल्या काही दाऊदी बोहरा कुटुंबांतही मुलगी साधारण सात वर्षांची झाली की हे केलं जातं. त्याच समाजातल्या स्त्रिया याविरुद्ध बोलू लागल्या आणि 2017 मध्ये विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. तेव्हा केंद्र सरकारने सांगितलं, की या प्रथेची अधिकृत आकडेवारी उपलब्ध नाही. 2018 मध्ये प्रकरण घटनापीठाकडे सोपवलं गेलं. स्वतंत्र कायदा अजूनही नाही.

आकडेवारी येणार कुठून? डॉक्टरने केस पेपरवर लिहिलं तरच ना! माझ्या एमबीबीएसच्या काळात हा विषय परदेशातली एक प्रथा म्हणून दोन ओळींत संपला. तपासताना काय दिसतं, रुग्णाला काय विचारायचं, हे कोणी दाखवलं नाही. आपल्याकडच्या प्रकारात शिश्निकेवरची त्वचा किंवा शिश्निकेचा थोडा भाग कापतात. जुना व्रण बारीक असतो, माहीत नसेल तर नजरेतून सुटतो. लघवीला जळजळ, संबंधाच्या वेळी वेदना, स्पर्शाची भीती अशा तक्रारी घेऊन बाई येते. आम्ही लघवीची तपासणी आणि अँटिबायोटिक लिहून देतो.

प्रथेचे समर्थक म्हणतात, फक्त त्वचा निघते, अपाय होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तेवढंही पहिल्या प्रकारात मोडतं. शिवाय सात वर्षांच्या मुलीची ती जागा इतकी लहान असते, की ‘फक्त त्वचा’ कापण्याची खात्री कुशल हातही देऊ शकत नाही. म्हणून ‘दवाखान्यात, डॉक्टरकडून करून घेऊ’ हा मार्गही सुरक्षित नाही. 2020 पर्यंत जगात सुमारे 5 कोटी 20 लाख मुली व स्त्रियांवर हे आरोग्य कर्मचाऱ्यांनीच केलं, असा संघटनेचा अंदाज आहे. ज्यांनी रोखायचं, त्यांच्याच हातात ब्लेड!

अभ्यासक्रम बदलत नाही, असं मात्र समजू नका. आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नाही हे लावून धरलं, आणि 2019 मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने ‘कौमार्याची लक्षणं’ हा भाग काढला. तिथे चुकीचं वगळायचं होतं, इथे राहिलेलं घालायचं आहे. 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर भर दिला.

तोवर एक करा. लहानपणी तुमच्या बाबतीत असं झालं असेल, तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा. आर्णीसारख्या गावात ओळखीपाळखीमुळे संकोच होतो, हे मी रोज पाहतो. स्त्री डॉक्टर मागा, एकटीने बोला, वाटल्यास चिठ्ठीवर लिहून द्या. घरातल्या एखाद्या मुलीबद्दल असं ठरत असल्याचं कानावर आलं, तर 1098 वर फोन करा.