पिकअपला टॅकोमीटर बसवताना

मैत्रिणींनो, आपल्या शिरूर-दौंड भागात कांदा, दूध, तरकारी बाजारात जाते ती पिकअपमधूनच. घराचा हप्ता ज्या गाडीवर फिटायचा, तिच्या इंजिनाची प्रकृती गृहिणीलाही ठाऊक असावी.

स्पीडोमीटर गाडीचा वेग दाखवतो, तर टॅकोमीटर इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवतो. काटा २ वर, म्हणजे २००० फेरे. भरलेल्या गाडीत वरच्या गिअरला काटा फार खाली आला, तर इंजिनावर ताण पडतो. खालच्या गिअरला उगाच वर चढला, तर डिझेल जास्त जळतं. ‘आवाजावरून कळतं की!’ असं घरधनी म्हणतील. पण दिवसभर गाडी हाकून कान बधिर होतात, त्याचं काय?

जुन्या गाडीला हा मीटर वेगळा बसवता येतो. घेताना ‘डिझेल गाडीसाठी हवा’ असं बजावून सांगा. पेट्रोल गाडीत त्याची वायर इग्निशन कॉइलला जोडतात. डिझेलला ती कॉइलच नसते. तिथे बहुधा अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टोकाला जोडतात. मग मीटर त्या अल्टरनेटरशी जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर काटा हलेल, पण आकडा खोटा दाखवेल.

वायरमनला एवढं जरूर सांगा: आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, मीटरच्या वायरीला फ्यूज घाला आणि वायर पत्र्यातून जाते तिथे रबर बसवा. वायर घासून सोलली, तर आग लागायची भीती. गाडी वॉरंटीत असेल, तर मात्र आधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारा.