हात कामात, प्रश्न ओठांवर
भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या जेवणाचा भार बहुतेक वेळा घरातल्या बायकांवरच पडतो. हात पिठात असताना फोनवर शोधत बसता येत नाही, म्हणून अमेरिकेतल्या संशोधकांनी 2020 साली मांडलेला, काळजीवाहकांना आहाराविषयी बोलून उत्तरं देणारा सहायक मला मोलाचा वाटतो. यंत्र चुकेल, हा आक्षेप खराच आहे, आणि गिळण्याच्या बाबतीत ती चूक जिवावर बेतू शकते: आजार वाढल्यावर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणूनच सहायकानं तपासलेल्या माहितीपुरतंच बोलावं आणि ठसका किंवा घटतं वजन कानावर पडताच डॉक्टरांकडे पाठवावं. थकवणारे प्रश्न मात्र रोजचेच असतात. नुकतेच जेवलेले वडील पुन्हा ताट मागतात तेव्हा वाद न घालता थोडं फळ पुढे करावं, रक्त गोठू न देणारं वॉर्फरिन हे औषध चालू असेल तर पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवू-घटवू नये. हे डॉक्टरांनीच सांगावं म्हणणाऱ्यांनी रात्री नऊला कोणता डॉक्टर फोन उचलतो ते पाहावं. फक्त हा सहायक मराठीत बोलला पाहिजे, आणि भाताची पेज म्हणजे काय ते त्याला समजावून सांगावं लागता कामा नये.