कपाटातला एक खण



जुलै २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेचे अर्ज भरायला बायकांची झुंबड उडाली, तेव्हा निफाडला आम्हीही एका ओट्यावर टेबल टाकून बसलो होतो. लागणारे कागद साधेच होते. आधार कार्ड, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, जन्माचा नाहीतर शाळा सोडल्याचा दाखला. तरी कितीतरी जणी भर पावसात परत जात होत्या. कागद नव्हते असे नाही. "कपाटात आहेत, पण किल्ली मालकांकडं, अन् ते नाशिकला गेलेत." दुसरीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला. तिसरीचे पासबुक तिच्याच नावाचे, पण दिराच्या फायलीत. ('मालक' या शब्दावर कधीतरी वेगळे लिहावे लागेल.) द्राक्षबागेत उभा जन्म राबलेली एक बाई सहज बोलून गेली, "ताई, त्या घरात माझी म्हणून एक पत्र्याची पेटी. तिच्यातबी आता नातवंडांचे स्वेटर."

म्हणून या अंकात कपाटाविषयी लिहायचे ठरवले. आमच्यातल्या एकीने नाक मुरडलेच. चळवळीच्या अंकात घर सजवायच्या गोष्टी कशाला, म्हणाली. पण घरात कोणाची कोणती जागा हे जितके कपाट उघडल्यावर दिसते, तितके चर्चासत्रात दिसत नाही.

आपल्या आज्यांच्या घरात भिंतीतली फडताळे होती, कोनाडे होते, कपड्यांना दांडी होती. माहेरून आलेली ट्रंक मात्र सुनेची. गोदरेजने १९२३ साली लोखंडी कपाटे करायला सुरुवात केली आणि पुढे कपाट कोणत्याही कारखान्याचे असो, त्याला 'गोदरेज' म्हणायची रीत पडली. ट्रंकेच्या जागी लग्नात कपाट येऊ लागले. पैसे मुलीच्या बापाचे, पण आत घराचे सगळे ऐवज आणि लॉकरची किल्ली पुरुषाकडे. ट्रंक गेली तशी तिच्या कुलुपावरची सत्ताही गेली.

माझ्या घरचे सांगते. साडेसहा फुटी कपाट. नवऱ्याचे शर्ट डोळ्यांसमोरच्या खणात, मुलांचे मधे, पाहुण्यांच्या चादरी खाली आणि माझे कपडे सगळ्यात वर. मी पाच फूट. आपल्या देशातल्या बाईची सरासरी उंचीच १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे. वीस वर्षे मी स्टुलावर चढून साडी काढत होते आणि हे कोणी माझ्यावर लादलेले नव्हते, मीच तसे लावले होते! बायकांच्या बैठकीत समतेवर बोलून घरी यायचे आणि स्टूल ओढायचे.

एका रविवारी सगळे रिकामे केले. ओटीत आलेले सतरा खण निघाले, एकाचाही ब्लाऊज होईना. ते तसेच पुढच्या ओट्यांत फिरत राहणार. जागा अडवायला खण भरपूर आणि माझ्या वाट्याला खण एकही नाही.

मग नियम केला. रोज लागते ते गुडघ्यापासून खांद्यापर्यंत, वर्षातून दोनदा लागते ते वर. प्रत्येकाला आपापला खण, मुलाचा त्याचा हात पोचेल असा, आणि आपल्या खणाची घडी ज्याची त्याने घालायची. "माझा टॉवेल कुठाय?" हा प्रश्न बंद व्हायला दोन महिने लागले. देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, बिनमोल घरकाम करणाऱ्या बायांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७, असे दिसले. दुसऱ्यांच्या वस्तू शोधून हातात देणे हेही त्यात धरावे लागेल. नीट लावलेल्या कपाटाचा खरा उपयोग तोच, की बाईला न विचारता प्रत्येकाला आपली वस्तू सापडावी.

बागेत जाणाऱ्या बहिणींसाठी थोडे वेगळे. विरळणीला, डिपिंगला जाताना साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालायची आपल्याकडे रीत आहे. त्यावर औषधाचे अंश असतात. तो शर्ट कपाटात नको, लेकरांच्या कपड्यांबरोबर धुवायलाही नको. बाहेर वेगळी खुंटी ठेवा. पाळीच्या घड्या कपड्यांच्या मागे ओलसर कोंबून ठेवू नका. उन्हात वाळवा आणि त्यांना झाकणाचा स्वच्छ डबा द्या, उघडपणे. येवल्याची पैठणी असलीच, तर ती प्लॅस्टिकमध्ये नको, सुती फडक्यात बांधा आणि अधूनमधून घडी बदला.

आता मूळ मुद्दा, कागदांचा खण. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्त्रीधन बाईचेच, सासरच्यांनी ते सांभाळले तरी ते राखणदार, धनी नव्हेत. परत देण्यास नकार दिला तर तो विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. त्याच वर्षीच्या हुंडा प्रतिबंध नियमांत लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी, सहीची यादी करायला सांगितले आहे, आणि वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवायची आहे. किती जणींनी केली? कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली बँकेचा लॉकर परस्पर वापरायला कोर्ट मनाई करू शकते. पण अर्ज देताना दागिन्यांची पावती कुठे, फोटो कुठे, हे विचारले जातेच. ते सगळे त्याच कपाटात, ज्याची किल्ली आपल्याकडे नाही.

शेजारच्या चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन झाले. पुढे शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत गावोगाव पुरुषांनी बायकांच्या नावे जमीन केली. ज्या गावात शंभर घरांनी असे केले ते लक्ष्मीमुक्त गाव. काम मोठेच होते. पण सातबारावर नाव असलेल्या ज्या बाया मला भेटल्या, त्यांतल्या काहींनी तो उतारा हातात कधी धरलेलाच नव्हता. नाव लागले, कागद मात्र त्यांच्या खणात आला नाही.

तेव्हा कपाट नवे घ्यायची गरज नाही. एक खण, नाहीतर एक पेटी, नाहीतर एक कापडी पिशवी. तिच्यात आपले दाखले, पासबुक, उतारे, दागिन्यांच्या पावत्या, लग्नातल्या भेटींची यादी, मुलांचे जन्मदाखले. एक झेरॉक्स संच विश्वासाच्या मैत्रिणीकडे. घरात मारहाण असेल तर ही पिशवी आधी बाहेर काढा, बाकीचे नंतर बघू.

पेटीवाली बाई परवा बाजारात भेटली. स्वेटर दांडीला टांगले म्हणाली. मी विचारले, कुलूप घेतले का?

"घेतलं ना. पण किल्ल्या दोन निघाल्या. दुसरी कुठं ठेवू, ते सांगा."