गाणे हवे, जीभ नको!

सिसिलीची लोकगीते टिकली पाहिजेत, असे म्हटले तर इटलीत कोणी वाद घालणार नाही. सिसिलियन भाषा टिकली पाहिजे म्हणून पाहा! ‘अहो, ती बोली आहे’ हे उत्तर ठरलेले. ‘भाषा की बोली’ या शब्दांच्या आड काय काय दडवता येते, हे आपल्या सीमाभागातील वाचकाला वेगळे सांगायला नको.

१९९९ साली इटलीने ४८२ क्रमांकाचा कायदा करून १२ अल्पसंख्य भाषांना संरक्षण दिले. त्यात सार्डिनियन आहे, फ्रिउलियन आहे. सुमारे ५०० वर्षांपूर्वी सिसिलीत आश्रयाला आलेल्या अल्बेनियन लोकांची आर्बरेशही आहे. ती असायलाच हवी, त्याबद्दल आकस नाही. पण ज्या बेटाने त्यांना थारा दिला, त्या बेटाच्या लाखो लोकांची भाषा यादीत नाही!

गाणी जपायला भाषा कशाला, असे विचारणाऱ्यांना एक जुनी हकीकत सांगावीशी वाटते. तेराव्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या दरबारी सिसिलियनमध्ये काव्यरचना होत असे. सुनीताचा जनक मानला जाणारा जाकोमो दा लेंतिनी त्याच दरबारचा. म्हणजे केशवसुतांनी मराठीत आणलेले सुनीत मूळचे या ‘बोली’चे! पुढे टस्कनीच्या लेखनिकांनी या कविता आपल्या वळणाने उतरवून घेतल्या. सिसिलियनमध्ये ‘अविरी’ आणि ‘सिर्विरी’ यांचे यमक चोख जुळते. टस्कनमध्ये त्यांचे ‘आवेरे’ आणि ‘सेर्वीरे’ झाले. यमक गेले. पुढच्या कवींनी ही मोडतोड म्हणजे कवीला दिलेली सूटच समजून चालवून घेतली आणि तिला नाव पडले ‘सिसिलियन यमक’. मोडले कोणी आणि नाव कोणाचे!

लोकगीताचेही तेच. सिसिलियन ‘कान्झुना’त ८ ओळी आणि सगळ्या मिळून दोनच यमके. ते इटालियनमध्ये कसे न्याल? इटालियन ‘काव्हाल्लो’, म्हणजे घोडा, सिसिलियनमध्ये ‘कावाड्डु’ होतो. हा मूर्धन्य ‘ड’ आपल्या देवनागरीत सुखाने बसतो, पण इटालियन वर्णमालेत त्याला स्वतःचे अक्षरच नाही.

लिकाताची रोझा बालिस्त्रेरी (१९२७–१९९०) गरिबाघरची. लिहायवाचायला शिकली तीच मुळी मोठेपणी. भूक, तुरुंग, माफिया, पाद्री या सगळ्यांवर ती गायली. १९६६ साली दारिओ फो यांनी बसवलेल्या लोकगीतांच्या प्रयोगात तिने मुख्य भूमीचे रंगमंच गाजवले. तिच्या गाण्यांतून ही जीभ काढून घेतली तर मागे काय उरेल? गिटार. चित्रपटवाल्यांना तेवढेही लागत नाही. मोरचंगासारखा ‘मर्रान्झानू’ दोनदा टणटणला, एक बंदूकवाला आला, की झाली त्यांची सिसिली!

दोष एकट्या रोमचा नाही. घरोघरी आईबापांनीच मुलांना ‘नीट बोल’ म्हणून दटावले. नीट म्हणजे इटालियन. आणि हीच मंडळी जत्रेत जुने गाणे लागले की डोळे पुसतात!

२०११ साली सिसिलीच्या प्रादेशिक विधानसभेने शाळांसाठी एक कायदा केला. त्याच्या शीर्षकात सिसिलीचा इतिहास आहे, साहित्य आहे आणि ‘भाषिक वारसा’ आहे. ‘भाषा’ हा शब्द मात्र तिथेही नाही. वारसा म्हणे! अहो, लाखो माणसे आज ती बोलत आहेत. घरधनी ओसरीवर बसलेला असताना वारसा कसला लावता?