फी न घेतलेल्या वकीलताईंना

वकीलताई,

मी अर्जदार क्रमांक 3. नाव लिहीत नाही. तुमच्या भाषणात ते नव्हतं, तेव्हा इथेही त्यावाचून काही अडणार नाही.

गेल्या महिन्यात नातीच्या लॉ कॉलेजात तुमचं व्याख्यान होतं, ‘जनहिताच्या वकिलीतलं करिअर’. नात म्हणाली, ‘आबा, तुमच्या ताई येणार आहेत, चला.’ इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, शेवटच्या रांगेत बसलो. पडद्यावर आमच्या वस्तीच्या नळाचा फोटो आला. त्यात कळशी भरणारी बाई म्हणजे माझी बायको. ती जाऊन चार वर्षं झाली. तुम्ही म्हणालात, या केसनं तुमच्या करिअरला वळण दिलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मीही वाजवल्या. मग एका मुलीनं विचारलं, त्या वस्तीचं पुढे काय झालं? तुम्ही म्हणालात, ‘मॅटर संमतीनं निकाली निघालं, पुनर्वसन मिळालं,’ आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलात.

त्या ‘संमतीनं’पाशी मी महिनाभर अडकून पडलोय.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा कॉलेजात होतात. चपला बाहेर काढून आमच्या लादीवर बसलात, बिनदुधाचा चहा घेतलात. मी पालिकेच्या शाळेत मास्तर, त्यामुळे कागद जमवायचं काम माझ्याकडे आलं. रेशनकार्डं, मतदार यादीतली पानं, वीजबिलं. झेरॉक्ससाठी घरटी 10 रुपये काढायचे आणि वहीत लिहायचे. प्रत्येक तारखेनंतर संध्याकाळी येऊन तुम्ही कोर्टात काय झालं ते मराठीत सांगायचात. मला वाटतं, खरी वकिली मी तिथेच पाहिली. हायकोर्टात आम्हाला मागच्या बाकावरून ऐकूसुद्धा यायचं नाही.

पदपथवाल्यांची केस तुम्हीच समजावलीत. जुलै 1981. भर पावसात झोपड्या हटवून माणसांना शहराबाहेर धाडायचा हुकूम मुख्यमंत्री अंतुल्यांनी काढला होता. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, त्या दिवसांची भीती मला वेगळी सांगायला नको होती. ओल्गा टेलिस या पत्रकार बाई आणि काही पदपथवासी सुप्रीम कोर्टात गेले. 10 जुलै 1985 ला यशवंतराव चंद्रचूडांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं, की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो. माणूस पदपथावर झोपतो तो काम जवळ असतं म्हणून. केवढा आनंद झाला होता आम्हाला! मग तुम्ही जरा थांबून उरलेलं सांगितलंत. 31 ऑक्टोबरपर्यंत हात लावू नका, त्यानंतर हटवायला हरकत नाही, असंही त्याच निकालात होतं. आमच्या पारूमावशीनं विचारलं होतं, ‘मग ती जिंकली की हरली?’ तुम्ही हसलात, पण डोळ्यांत पाणी होतं. त्या पाण्यावर आम्ही बारा वर्षं काढली.

आणि शेवटचा आदेश आम्हाला कळला तो व्हॉट्सअॅपवर. अकरा पानं, इंग्रजीत. शेजारच्या बँकेतल्या पोरानं वाचून दाखवला. एका ओळीशी तो घुटमळला. अर्जदारांच्या वकिलांनी ‘ऑन इन्स्ट्रक्शन्स’ असं असं मान्य केलं, अशी ती ओळ. म्हणजे काय रे, मी विचारलं. म्हणाला, अशिलाच्या सांगण्यावरून.

कुठल्या अशिलाच्या, ताई? अर्जदार क्रमांक 1 त्याआधीच वारले होते. क्रमांक 2 गावी. क्रमांक 3 तर मीच.

कायद्यानं तुम्ही बरोबर आहात, हे नातीनं मला सांगितलंय. वकीलपत्रात तडजोडीचा अधिकार दिल्याचं वाक्य छापलेलंच असतं आणि त्याखाली माझी सही आहे. जजसाहेबांचा कल पाहून, हाती लागतंय ते घ्यावं, असंही तुम्हाला वाटलं असेल. कदाचित विचारलं असतंत तर आम्हीही हेच म्हटलं असतं. पण खोल्या चौदा किलोमीटरवर, सातव्या मजल्यावर. लिफ्ट असते आणि नसते. धुण्याभांड्यांची कामं होती त्या बायकांची ती पहिल्या दोन महिन्यांत सुटली. 1985 च्या निकालातला जो मुद्दा तुम्ही लादीवर बसून शिकवलात, नेमका तोच त्या संमतीत गेला. आणि 1 जानेवारी 2000 पूर्वीचा पुरावा नसलेली 61 घरं तर त्या अकरा पानांत कुठेच नाहीत. त्यांचेही 10-10 रुपये माझ्या वहीत आहेत.

दोनदा फोन केला. क्लार्क म्हणाले, मॅडम दिल्लीला आहेत. नंतर मी केला नाही. का नाही केला, त्याचं उत्तर मला आता सापडलंय. तुम्ही फी घेतली नव्हती. सेशन कोर्टातल्या एखाद्या वकिलाला मी पैसे मोजले असते तर त्याच्या टेबलावर हात आपटून विचारलं असतं, नाही पटलं तर ब्रीफ काढून घेतलं असतं. तुमच्यापुढे जीभ उचलेना. फुकटच्या उपकाराला जाब कसा विचारायचा?

बरं, ब्रीफ काढून घेतलं असतं तरी केस आमची राहिली असती का, कोण जाणे. शीला बारसे बाईंचं उदाहरण नातीच्या पुस्तकात वाचलं. मुंबईच्या कोठडीतल्या बायकांवरच्या मारहाणीबद्दल त्यांच्या पत्राची सुप्रीम कोर्टानं दखल घेतली, 1983 मध्ये निकाल दिला. पुढे तुरुंगातल्या मुलांसाठी त्यांनीच दुसरी याचिका केली, तारखांना कंटाळून मागे घ्यायला गेल्या, तर 1988 मध्ये कोर्टानं परवानगी नाकारली. नाव त्यांचं काढलं, याचिका चालू ठेवली. कोर्टाचंही बरोबर असेल. मुलांनी का भोगावं? पण मला त्या बाईंचं वाईट वाटलं. या खटल्यांत ‘जन’ सगळे असतात, त्यामुळे कुणीच नसतं. 1997 चा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या झोपड्या हटवण्याचा आदेशही जनहित याचिकेवरच झाला होता ना? तिथला जन वेगळा, एवढंच.

नातीला तुमच्यासारखंच व्हायचंय. मी अडवलेलं नाही. ज्युनिअरला शहरात महिना 20,000 तरी द्यावेत, असं बार कौन्सिलनं 2024 मध्ये सुचवलंय म्हणे. सुचवलंय फक्त. तेव्हा या वाटेनं जाणाऱ्या पोरांना फेलोशिप लागते, परिषदा लागतात, पडद्यावर दाखवायला एखादी वस्ती लागते, हे मला कळतं. तुम्हीही सुरुवातीला लोकलच्या सेकंड क्लासनं, फायलींची पिशवी मांडीवर घेऊन यायचात. तुमची गाडी पाहून मला बरंच वाटलं. राग गाडीचा नाही.

वही अजून माझ्याकडे आहे. झेरॉक्सचा खर्च वजा जाता 1,340 रुपये शिल्लक आहेत. वस्ती मोडली, ते कुणाला परत द्यायचे कळेना, म्हणून तसेच राहिले. सोमवारी तुमच्या चेंबरमध्ये क्लार्ककडे देऊन येतो. ही आमची फी. कमी आहे, पण आहे.

पावती अर्जदार क्रमांक 3 च्या नावानं फाडायला सांगा. आणि आता मी विचारतो, संमती कुणी दिली होती?