महामार्गामागे निघालेला मेंढा

ऑस्ट्रेलियातल्या गोलबर्न शहरात पंधरा मीटर उंचीचा काँक्रीटचा मेंढा आहे. जात मेरिनो, वजन 97 टन, आत लोकरीचे प्रदर्शन आणि भेटवस्तूंचे दुकान. 1985 मध्ये तो सिडनी-मेलबर्नच्या ह्यूम महामार्गालगत उभा राहिला. 1992 मध्ये महामार्गाने गावाला बगल दिली, गाड्या परस्पर जाऊ लागल्या आणि गिऱ्हाईक रोडावले. शेवटी 2007 मध्ये अख्खा मेंढाच उचलून नव्या फाट्याजवळ नेऊन बसवला गेला.

या देशात अशी अवाढव्य फळे-प्राणी जागोजागी आहेत; तिथे त्यांना सरळ ‘बिग थिंग्ज’ म्हणतात. कलाप्रेमी मंडळी त्यांच्याकडे बघून नाक मुरडतात. मुरडोत बापडी! ही शिल्पे म्हणून घडलीच नव्हती. भरधाव गाडीचा ब्रेक दाबायला लावणाऱ्या त्या पाट्या आहेत, आणि पाटी म्हणून बहुतेक अव्वल.

कॉफ्स हार्बरचे मोठे केळे घ्या. 1964 मध्ये जॉन लँडी यांनी आपल्या केळीच्या स्टॉलपुढे ते उभारले, ते निव्वळ गाड्या थांबाव्यात म्हणून. युक्ती लागू पडली. पुढे त्या भागातली केळी मागे पडली, ब्लूबेरीचे मळे वाढले. शेजारच्या वूलगूल्गात केळीच्या बागांत राबायला आलेली पंजाबी शीख कुटुंबे स्थिरावली. त्यांच्यातले अनेक जण आता ब्लूबेरी पिकवतात. केळे मात्र हललेले नाही. गावाच्या बदललेल्या पिकाचा इतका ठसठशीत पुरावा सरकारी दप्तरात सापडायचा नाही.

म्हणूनच अशा वस्तू पाडायला निघालेल्यांनी जरा दमाने घ्यावे. बॅलिना इथली 1989 ची कोळंबी जीर्ण झाली, तेव्हा 2009 मध्ये नगर परिषदेने ती पाडायला मंजुरी दिली. गावकरी खवळले. पुढे ती जागा बनिंग्ज या हार्डवेअर दुकानांच्या कंपनीने घेतली, 2013 मध्ये कोळंबीची डागडुजी केली आणि मुळात नसलेली शेपटीही जोडून दिली. यात कंपनीची जाहिरात झाली हे खरेच. पण कोळंबीचा जन्म तरी दुसऱ्या कशासाठी होता?

जाहिरातीचा कहर बोवेनमध्ये झाला. तिथला 10 मीटर उंचीचा आंबा 2014 मध्ये एका रात्रीत गायब झाला, बातम्या झळकल्या आणि मग कळले की नँडोज या चिकनवाल्या उपाहारगृहांचा हा बनाव होता. पोरखेळ खरा, पण आंब्याच्या स्वभावाला शोभणारा.

क्वीन्सलँडने 1971 च्या मोठ्या अननसाला 2009 मध्ये वारशाचा दर्जा दिला, हे बरे झाले. मात्र तेवढ्यावरून कुठल्या नगरपालिकेने करदात्यांच्या पैशातून नवी मोठी भाजी उभारायला घेतली, तर तिला हटकावे. लँडी यांनी केळे उभारले तेव्हा मागे विकायला केळी होती.