फौजीला मत देताय? मग डाळीचं विचारा

भावांनो, विधानसभेची निवडणूक जवळ आली की गावच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. छातीवर पदकं, मागे तिरंगा, खाली उमेदवाराचं नाव आणि "आपला फौजी, आपला आमदार". आपण कॅम्पात बंकवर पडल्या पडल्या तो फोटो पुढे ढकलतो आणि घरी फोन करून सांगतो, यंदा मत यालाच. का? तर तो मिलिट्रीत होता.

वर्दीचा मान ठेवा, जरूर ठेवा. ज्यांच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे त्या सातारकरांना हे मी कशाला शिकवू? पण मान द्यायला सलाम आहे की. मत देताना विचारायचं असतं, की हा माणूस आमदार झाल्यावर कोणाच्या बाजूने तोंड उघडणार.

आणि फौजीवरचं आपलं प्रेम किती खरं आहे, तेही एकदा तपासून बघू. त्यासाठी हरियाणातल्या करनालला जावं लागेल.

तेज बहादूर यादव आठवतो? सीमा सुरक्षा दलाचा साधा जवान. जानेवारी 2017 मध्ये जम्मू-काश्मीरच्या ताबारेषेवरून त्याने मोबाइलवर व्हिडिओ टाकला. करपलेली पोळी, आणि डाळ म्हणजे हळद-मिठाचं पाणी. सरकार रेशन पुरवतं, पण वरचे लोक ते बाहेर विकतात, असा त्याचा आरोप होता. दलाने आरोप नाकारले. देशभर गाजावाजा झाला. एप्रिलमध्ये दलाच्या कोर्टापुढे उभं करून त्याला बडतर्फ केलं.

ही गोष्ट तुम्हाला नवी वाटते का? मेसमधल्या आमटीचा व्हिडिओ काढणाऱ्या पोराचं आपल्या कॅम्पात काय होतं? आमटी कोणी तपासत नाही, व्हिडिओ कोणी काढला ते तपासतात. मग व्हिसा कॅन्सल, तिकीट हातात. बरं, सीमेवर असून हा जवान लष्कराचा नव्हे, गृहखात्याच्या दलाचा. त्यामुळे लष्करातल्या माजी सैनिकाचा दर्जा अशांना मिळत नाही. कंपनीचा माणूस वेगळा आणि सप्लायचा माणूस वेगळा, काम मात्र एकाच साइटवर. हा हिशोब तर आपल्याला तोंडपाठ आहे.

2019 मध्ये तो वाराणसीतून लोकसभेला उभा राहिला. सरकारी नोकरीतून बडतर्फ झालेल्याने निवडणूक आयोगाचा दाखला जोडला नाही म्हणून अर्ज बाद झाला. सुप्रीम कोर्टातही दाद लागली नाही. मग ऑक्टोबरमध्ये जननायक जनता पार्टीच्या तिकिटावर करनालमधून विधानसभेला, थेट मुख्यमंत्री मनोहरलाल खट्टर यांच्यासमोर. खट्टर यांना जवळपास 80 हजार मतं. डाळीबद्दल बोललेल्या जवानाला तीन हजारांच्या आसपास. निकालानंतर त्याचाच पक्ष खट्टर यांच्या सरकारात जाऊन बसला, तेव्हा त्याने पक्ष सोडला.

तो धुतल्या तांदळासारखा होता असं माझं म्हणणं नाही. मुख्यमंत्र्यांसमोर कोणीही पडला असता, हेही कबूल. पण हरियाणा म्हणजे फौजेला पोरं देणारं राज्य! तिथेही जवानाच्या ताटाचा प्रश्न मतपेटीत तीन हजारांवर अडकला. गप्प राहून शौर्य गाजवलेला फौजी आपल्याला पोस्टरवर हवा असतो. तोच तोंड उघडून भाकरीचं विचारायला लागला, की आपल्याला आठवते शिस्त.

आता आपल्या गावच्या उमेदवाराकडे या. तो फौजेत होता, याचा अर्थ आपला प्रश्न त्याला दुसऱ्या कोणाहीपेक्षा जास्त कळायला पाहिजे. वीस वर्षं तो घरापासून लांब राहिलाय. पण तो चौकीवर असताना त्याच्यासाठी टपाली मतपत्रिकेची सोय होती. आता तर ती ऑनलाइन पाठवतात. आपल्याला? 2011 पासून मतदार यादीत नाव लावता येतं, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन गावच्या बूथवर स्वतः उभं राहायचं. सुट्टी कोण देणार, तिकीट कोण काढणार? बदली मतदानाचं विधेयक 2018 मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत न येता विरलं. 2020 मध्ये निवडणूक आयोगाने कळवलं की परदेशातल्या मतदारांना अशी मतपत्रिका पाठवायला आमची तयारी आहे. तरी अजून आपण बूथवरच.

हा कायदा संसदेचा आहे, आमदाराच्या हातात नाही, हे तो लगेच सांगेल. बरोबर आहे. मग हातातलं विचारा. माजी सैनिकाच्या विधवेला कागदपत्रांसाठी जिल्ह्याच्या गावी सैनिक कल्याण कार्यालय आहे, हे त्याला पक्कं माहीत असतं. दुबईत पालखावरून पडून मेलेल्या गवंड्याच्या बायकोने कुठे जायचं? शव आणायला, थकलेला पगार मागायला, एजंटावर तक्रार करायला जिल्ह्यात एक टेबल, एक माणूस तरी? केरळने परदेशी गेलेल्यांसाठी 1996 मध्ये स्वतंत्र खातं काढलं. आपल्या राज्यात तसं खातं मागणारा प्रश्न तुम्ही सभागृहात विचाराल का, हे त्याच्याकडून प्रचारसभेत, माइकवर, चारचौघांत वदवून घ्या.

"आपल्याला इथे मत नाही, कशाला राजकारण?" असं म्हणणारे कॅम्पात बरेच आहेत. अरे, घरातली चार मतं तुमच्या एका फोनवर फिरतात. पैसे तुम्ही पाठवता, घरात शब्द तुमचा चालतो. पुढच्या शुक्रवारी फोन कराल तेव्हा भावाला सांगा, उमेदवार दारात आला की हार नंतर घाल, आधी एक विचार: "साहेब, तुमच्या पलटणीतल्या पोराने डाळीचा व्हिडिओ टाकला असता, तर तुम्ही कोणाच्या बाजूने उभे राहिला असता?" आणि उत्तर द्यायला साहेबांना किती वेळ लागतो, तेवढं नीट बघून ठेवायला सांगा.